पिकअपला जादा रिव्हर्स लाइट बसवताना

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीची गाडी भरून होईपर्यंत बहुधा दिवस मावळलेला असतो. कटाई सकाळी लागली तरी घड बांधापर्यंत वाहून आणणे, हौद्यात पानांचा थर देऊन ते रचणे आणि वरून दोर आवळणे यांत संध्याकाळ होते. त्यानंतर मळ्यात गाडी वळवायला जागा नसल्यामुळे दीड-दोनशे फूट ती मागेच न्यावी लागते. एका अंगाला पाण्याची चारी असते, दुसऱ्या अंगाला ठिबकची सबमेन, म्हणजे पाण्याची उपमुख्य नळी, आणि तिचे व्हॉल्व्ह असतात, आणि भरलेल्या हौद्यामुळे आतल्या आरशात घडांखेरीज काहीही दिसत नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या गाडीमागे उभा असलेला मजूर "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता. त्याच्या तोंडून "थांब रे भो!" बाहेर पडले आणि व्हॉल्व्ह काडकन मोडल्याचा आवाज आला, हे दोन्ही एकाच क्षणी घडले. त्या व्हॉल्व्हची भरपाई दिल्यावर मी जादा रिव्हर्स लाइट बसवण्याचे ठरवले. पहिल्यांदा ते काम चुकीचे झाले आणि दुसऱ्यांदा मी ते स्वतः केले. पुढील मजकूर त्या दुसऱ्या वेळच्या पद्धतीचा आहे.

कंपनीच्या रिव्हर्स दिव्यात सहसा २१ वॅटचा एक बल्ब असतो. तो मागच्या लाल दिव्याच्या खोक्यातील एका लहानशा कप्प्यात बसवलेला असतो. त्याचे मुख्य काम मागच्या माणसाला गाडी मागे येत असल्याची खूण देणे हे आहे, जमीन उजळणे हे नव्हे. त्यातच काचेवर धूळ किंवा काळ्या मातीचा चिखल बसला, की उरलेला उजेडही जातो. अशा वेळी अनेक जण त्याच होल्डरमध्ये जास्त वॅटचा बल्ब घालतात, परंतु प्लास्टिकचा कप्पा त्या उष्णतेने वितळतो आणि उजेडाची दिशाही बदलत नाही. त्यापेक्षा मूळ दिवे जसेच्या तसे चालू ठेवून खाली दोन स्वतंत्र दिवे बसवावेत, हे अधिक चांगले.

माझी पहिली चूक आधी सांगतो, कारण बाकीची सगळी मांडणी तिच्यावरूनच ठरली आहे. तालुक्याच्या गावातील एका वायरमनने ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे थेट मूळ रिव्हर्स दिव्याच्या वायरला जोडून दिले. त्या दिवशी उजेड उत्तम पडला. मात्र हिशोब असा होता की, नवे ११० वॅट आणि जुन्या दोन बल्बांचे ४२ वॅट मिळून १५२ वॅट होतात आणि १२ व्होल्टने भागल्यास पावणेतेरा अँपिअरच्या आसपास प्रवाह येतो. फ्यूज १० अँपिअरचा होता. थोड्या जास्तीच्या भाराने फ्यूज लगेच उडत नाही, तो तापत राहतो आणि कधीतरी जातो. माझा फ्यूज आठवडाभराने अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गावर सावद्याच्या अलीकडे, एका बाजारात गाडी मागे घेताना गेला आणि त्याच फ्यूजवर असलेले इंडिकेटर व मीटरही त्याच्याबरोबर बंद पडले. पुढे महिनाभरात गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विचही बदलावा लागला, कारण त्याचे आतील संपर्क एवढ्या प्रवाहासाठी बनवलेलेच नसतात आणि ते जळून काळे पडले होते.

म्हणून या कामातील पहिली गोष्ट ही, की नव्या दिव्यांनी वीज थेट बॅटरीवरून घ्यावी आणि मूळ रिव्हर्स वायरकडून केवळ चालू-बंद होण्याचा हुकूम घ्यावा. हे काम रिले, म्हणजे बारीक प्रवाहाच्या हुकमावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, करतो. रिलेच्या गुंडाळीला अवघा दीड-दोन दशांश अँपिअर प्रवाह लागतो. एवढा भार मूळ स्विचला, फ्यूजला किंवा त्याच वायरवर असलेल्या रिव्हर्स बझरला जाणवतही नाही.

दिवे निवडताना खोक्यावरील वॅटच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. शंभर वॅट छापलेला तळहाताएवढा एलईडी दिवा प्रत्यक्षात वीस वॅटही घेत नाही, असे मी मल्टिमीटर लावून पाहिले आहे. दुकानदाराकडे १२ व्होल्टची बॅटरी असतेच. दिवा लावून किती अँपिअर जातात ते तिथेच मोजावे आणि त्याला बाराने गुणावे, म्हणजे खरे वॅट कळतात. मळ्यात आणि बाजारात मागे येण्यासाठी प्रत्येकी १५ ते २० वॅटचे दोन एलईडी दिवे पुरेसे होतात. काच पसरट उजेड देणारी असावी. लांब झोत टाकणारा दिवा दूरचे झाड दाखवतो, पण चाकाजवळची चारी अंधारातच ठेवतो. दिव्यामागे उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या आहेत का, ते पाहावे, कारण एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि उष्णता बाहेर टाकता न येणारा एलईडी त्या मोसमात लवकर मंदावतो. धूळ आणि पाण्यासाठी आयपी ६७ दर्जा असलेला दिवा घ्यावा. रंगाबाबत माझे मत असे, की निळसर पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळट पांढरा उजेड डोळ्याला बरा वाटतो आणि मागे धूळ उडत असताना कमी खुपतो. मात्र तो पांढराच असला पाहिजे, पिवळा किंवा निळा दिवा लावू नये.

येथे कायद्याची बाजूही सांगणे आवश्यक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ नुसार वाहनाच्या मागील बाजूस लाल सोडून अन्य रंगाचा उजेड दाखवता येत नाही. त्याला जे अपवाद आहेत, त्यांत गाडी मागे घेताना वापरायचा पांढरा दिवा येतो. याचा सरळ अर्थ असा, की हे दिवे रिव्हर्स गिअर पडल्यावरच लागले पाहिजेत आणि गिअर काढताच विझले पाहिजेत. काही जण केबिनमध्ये वेगळे बटण लावून तेच दिवे माल भरताना हाताने चालू करतात आणि नंतर ते बंद करायचे विसरून रस्त्याला लागतात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांवर ती तिरीप पडते, आणि त्याला समोरची गाडी पुढे चालली आहे की मागे येते आहे, हेच कळत नाही. माल भरण्यासाठी उजेड हवा असेल तर हौद्याच्या आत एक लहान दिवा स्वतंत्र बसवावा. रिव्हर्सच्या दिव्यांना बटण लावायचेच असेल तर ते रिलेच्या गुंडाळीच्या वायरमध्ये आणि फक्त बंद करण्यापुरते असावे.

जागा ठरवताना सर्वांत आधी फाळका उघडून खाली सोडावा आणि गाडीच्या मागे बसून पाहावे. हे कोणी करत नाही. उघडलेला फाळका साखळीविना सोडला तर थेट खाली लोंबतो आणि त्याच्या वाटेत आलेला दिवा पहिल्याच दिवशी फुटतो. फाळक्याची खालची कड कोठपर्यंत येते तेथे खडूने रेघ मारावी आणि नवे दिवे त्या रेघेच्या आत, म्हणजे केबिनच्या बाजूला चार बोटे सरकवून, हौद्याखालच्या शेवटच्या आडव्या पट्टीवर बसवावेत. दुसरी गोष्ट अशी, की हमाल चढताना पायाला जे सापडेल त्यावर पाय देतात. नंबर प्लेटच्या शेजारची जागा दिसायला सोयीची असली तरी पाय नेमका तेथेच पडतो, म्हणून दिवे दोन्ही टोकांकडे, परंतु चाकांवरून उडणारा चिखल थेट लागणार नाही इतके आत घ्यावेत. नंबर प्लेट आणि मूळ दिवे कोणत्याही बाजूने झाकले जाता कामा नयेत.

चेसिसच्या मुख्य लांब पट्ट्यांना भोक पाडू नये. भार त्याच पट्ट्या वाहतात आणि भोकापासून तडा जाऊ लागतो. आडव्या पट्टीवर कंपनीने ठेवलेली भोके सहसा सापडतात. न सापडल्यास तीन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचा क्लॅम्प करून घ्यावा. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी साधे नट सैल होतात, म्हणून नायलॉनची कडी असलेले लॉक नट वापरावेत.

सामान फार लागत नाही. दुकानात हॉर्न रिले या नावाने मिळणारा १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा चार पिनचा रिले त्याच्या सॉकेटसह घ्यावा. झाकणाचा फ्यूज होल्डर, दीड चौरस मिलिमीटरची लाल व काळी वायर, हुकमासाठी पाऊण चौरस मिलिमीटरची वायर, वायरीच्या टोकाला बसणारे गोल थिंबल, तापवल्यावर आवळणारी हीट-श्रिंक ट्यूब, खाचांची काळी नळी आणि टाय एवढे पुरते. दोन्ही दिवे मिळून ४० वॅट धरले तर प्रवाह साडेतीन अँपिअरच्या आत राहतो, त्यासाठी ५ अँपिअरचा फ्यूज योग्य आहे. ज्यांच्याकडे ५५ वॅटचे हॅलोजन आधीच पडून आहेत आणि तेच लावायचे आहेत, त्यांनी वायर अडीचची आणि फ्यूज १५ अँपिअरचा घ्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढावा आणि चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. पहिले काम मूळ रिव्हर्स वायर शोधण्याचे. इंजिन बंद ठेवून चावी चालू करावी, रिव्हर्स गिअर टाकावा आणि मागच्या दिव्याच्या होल्डरमागील वायरी एकेक करून बल्बच्या टेस्टरने तपासाव्यात. जी वायर गिअर टाकल्यावर टेस्टर पेटवते आणि गिअर काढल्यावर विझवते, ती आपली. परंतु तेवढ्यावर थांबू नये. पार्किंग दिवा, दोन्ही इंडिकेटर आणि ब्रेक यांपैकी प्रत्येक गोष्ट आळीपाळीने चालू करून त्या वायरवर वीज येत नाही ना, याची खात्री करावी. वायरींच्या रंगावर विसंबू नये, विशेषतः जुनी गाडी घेतली असेल आणि आधीच्या मालकाने हौदा बदलून घेतला असेल तर मुळीच नाही. वायर सापडल्यावर तिच्यावर खूण करावी, चावी काढावी, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी आणि मगच पुढचे पाना-पकडीचे काम हाती घ्यावे.

रिलेच्या बुडाशी चार आकडे कोरलेले असतात आणि ते वाचता आले म्हणजे निम्मे काम झाले. ८६ या पिनवर मागून आणलेली हुकमाची बारीक वायर येते. ८५ ही पिन चेसिसला, म्हणजे अर्थला जाते. ३० या पिनवर बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून फ्यूजमार्गे आलेली लाल वायर बसते आणि ८७ या पिनवरून दोन्ही दिव्यांकडे जाणारी वायर निघते. गुंडाळीची ८५ आणि ८६ ही टोके साध्या रिलेमध्ये उलटसुलट झाली तरी चालते. रिलेच्या आत डायोड असेल तर मात्र ८६ लाच पॉझिटिव्ह द्यावे लागते, म्हणून सवयच तशी ठेवावी. पाच पिनचा रिले मिळाला तर मधली ८७ए ही पिन रिकामी सोडावी, कारण तिच्यावर रिले बंद असताना वीज असते आणि चुकून दिवे तिला जोडले तर ते दिवसरात्र पेटून केवळ रिव्हर्स टाकल्यावर विझतात. असा एक पिकअप मी जळगावच्या एका गॅरेजसमोर प्रत्यक्ष पाहिला आहे, आणि त्याचा मालक गिअरबॉक्स उघडायच्या तयारीत होता.

फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात असावा. फ्यूज दिव्याचे नव्हे, वायरीचे रक्षण करतो. तो मागे दिव्याजवळ लावला आणि मध्येच कोठे वायर घासून चेसिसला टेकली, तर बॅटरीची सारी ताकद त्या वायरीतून वाहते आणि ती लाल होऊन पेट घेते. रिले मागे बसवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, कारण त्यात वायर वाचते. मी तो पुढे बॅटरीजवळच, पिना खाली करून बसवतो. मागे धुण्याच्या मशीनचे पाणी, पावसाळ्यातला चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ हे सगळे एकाच जागी येते. चार-पाच मीटर बारीक वायर जास्त लागली तरी रिले कोरडा राहतो.

वायरी खाचांच्या नळीतून, मूळ हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) शेजारून, चेसिसच्या आतल्या बाजूने न्याव्यात आणि वीत-दीड वीत अंतरावर टायने बांधाव्यात. सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट आणि पाटे (लीफ स्प्रिंग) यांच्यापासून अंतर ठेवावे. पाटे भाराने वर-खाली होतात, त्यामुळे रिकाम्या गाडीत दूर वाटणारी वायर भरल्या गाडीत घासू शकते. डिझेलच्या नळीला वायर बांधू नये. जेथे वायर पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबरी बुश घालावे. दिव्याजवळ वायरीला खाली झोळ देऊन मग ती वर न्यावी, म्हणजे पाणी झोळापाशी गळून पडते आणि दिव्यात शिरत नाही.

जोड देताना नुसती काळी टेप गुंडाळू नये. मे महिन्यात पत्र्याखाली टेपचा डिंक पातळ होतो, टेप सुटून लोंबते आणि उघडा जोड जूनच्या पहिल्या पावसाला सापडतो. मूळ वायरीचे आवरण सेंटिमीटरभर सोलावे, नवी वायर तिच्याभोवती घट्ट गुंडाळून कल्हई (सोल्डर) द्यावी आणि आतून डिंक असलेली हीट-श्रिंक ट्यूब लायटर किंवा हॉट गनने आवळावी. गुंडाळण्यापूर्वी ट्यूब वायरीत ओवून ठेवायला विसरू नये. मूळ वायर अखंड असल्यामुळे ती नंतर ओवता येत नाही, म्हणून होल्डरची पिन काढून ट्यूब घालावी किंवा डिंकाची स्व-चिकट रबरी टेप वापरावी.

अर्थिंग हे या कामातील सर्वांत दुर्लक्षित अंग आहे. दिवे वर्षभरात मंद झाले म्हणून लोक दिवे बदलतात, तेव्हा बहुतेक वेळा दोष काळ्या वायरीच्या बोल्टाचा असतो. हौद्यावर अर्थ घेऊ नये, कारण हौदा आणि चेसिस यांच्यामध्ये लाकडी किंवा रबरी तुकडे असतात आणि संपर्काची खात्री नसते. चेसिसच्या आडव्या पट्टीवर एक बोल्ट निवडून त्याभोवतीचा रंग रुपयाच्या नाण्याएवढा, लोखंड चकाकेपर्यंत घासावा. दातेरी वॉशर, मग थिंबल, मग नट, या क्रमाने आवळावे आणि वरून ग्रीस किंवा रंग लावावा. बॅटरी जोडून दिवे चालू केल्यावर मल्टिमीटरचे एक टोक दिव्याच्या काळ्या वायरीला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावावे. आकडा एक-दोन दशांश व्होल्टच्या आत असला पाहिजे. अर्धा व्होल्ट दिसला तर बोल्ट पुन्हा उघडावा.

झोताचा कोन बसवण्यासाठी तिन्हीसांजेला रिकामी गाडी भिंतीकडे पाठ करून तीन मीटरवर लावावी. समजा दिवा जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच आहे, तर झोताचा मध्य भिंतीवर ३५ सेंटिमीटर उंचीवर पडावा, म्हणजे भिंत नसेल तेव्हा तो सहा मीटरवर जमिनीला टेकेल. रिकाम्या गाडीवरच कोन बसवण्याचे कारण असे, की भार चढल्यावर मागचे पाटे दबतात आणि झोत आणखी खाली झुकतो. चाकांमधील अंतर तीन मीटर धरले आणि मागची बाजू दहा सेंटिमीटर खाली बसली, तर सहा मीटरचा पल्ला चार मीटरवर येतो. मागे सरकण्याच्या वेगाला तेवढा पुरतो. उलट भरल्या गाडीवर कोन बसवला, तर रिकाम्या परतीच्या वेळी झोत मागच्या माणसाच्या तोंडावर जातो. दोन्ही दिवे किंचित बाहेरच्या बाजूला वळवावेत, म्हणजे चारीची कड आणि बांध आरशात स्पष्ट दिसतात. नंतर एका माणसाला पाच मीटर मागे उभे करून त्याला आपला आरसा दिसतो का, हे विचारावे. डोळे दिपल्यामुळे त्याला आरसा दिसत नसेल, तर तो आपल्याला थांबवण्याचा हातही वेळेवर करणार नाही.

शेवटी इंजिन चालू ठेवून पाच मिनिटे रिव्हर्समध्ये, क्लच दाबून, दिवे पेटते ठेवावेत आणि रिले, फ्यूज होल्डर व प्रत्येक जोड हाताने चाचपावा. कोमट लागले तर ठीक, चटका बसला तर तो जोड सैल आहे. या वेळी ब्रेकवर पाय ठेवून केबिनमध्ये एक माणूस बसलेला असावा आणि चाचपणाऱ्याने गाडीच्या मागे किंवा खाली जाऊ नये. मागचे जोड नंतर इंजिन बंद करून, चावी चालू ठेवून तपासता येतात. ५ अँपिअरचे दोन जादा फ्यूज होल्डरलाच टेपने चिकटवून ठेवावेत. पावसाळा सरल्यावर अर्थचा बोल्ट एकदा उघडून घासावा आणि नळीत उंदरांनी कुरतडले आहे का, ते पाहावे. केळीचा पाला हौद्यात राहिलेल्या गाडीत उंदीर हटकून येतात.